इथं कार्ड चालतं

"कार्ड चालत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि माझं विम्याचं कार्ड तिनं दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवलं.

मी तिला म्हणालो, की बाई, हे सरकारी विम्याचं कार्ड आहे, दर महिन्याला माझ्या पगारातून कापून घेतात, मी काही हे जत्रेत विकत घेतलेलं नाही. ती म्हणाली, सरकारी असो नाहीतर आणखी कुठलं, सरांकडे रोखच लागते. सर म्हणजे आतला समुपदेशक. त्याची एका बैठकीची फी ऐकली आणि मी माझ्या बायकोला म्हटलं, चल. शालन उठली. कुठे चाललो, का चाललो, काही विचारलं नाही. त्या दिवसांत तिला ऊठ म्हटलं की उठायची, बस म्हटलं की बसायची. मला ते बघवत नव्हतं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी वाळूजला एका कारखान्यात लेथवर होतो. आम्हाला पहिली मुलगी झाली ती मेलेलीच झाली. सगळं नीट चाललेलं असताना अगदी शेवटी पोटातलं हलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नाही, कधी कधी असं होतं. माझी मोठी बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, ती बाळंतपणासाठी गावाहून आलेलीच होती. आई वारल्यापासून आमच्या घरात आक्काचा शब्द शेवटचा. तिनं मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"शालनला तोंड दाखवायचं नाही," ती म्हणाली. "तोंड पाह्यलं की माया लागती, मग बाई त्यातून निघत नाही. तू पण पाहू नको. गुंडाळलंय तसंच न्यायचं, मातीत ठेवायचं अन् घरी यायचं. पुन्हा घरात विषय काढायचा नाही."

आमच्याकडे असंच करतात. मीही तेच केलं. शब्बीर हा माझा शेजारच्या लेथवरचा जोडीदार, त्याची एक जुनी व्हॅन होती. त्याच्या व्हॅनमधून आम्ही दोघं गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, माझ्या गावी गेलो, मळ्यात ते काम केलं आणि परत आलो. तोवर आक्कानं दुपटी, कुंच्या, झबली सगळं बोचक्यात बांधून देऊन टाकलं होतं. घर असं झालं होतं, की जणू इथे कधी कुणी कुणाची वाटच पाहिली नव्हती.

शालन आधी रडली. मग रडायची थांबली, तेव्हा आक्काला बरं वाटलं आणि ती गावी परतली. त्यानंतर शालन बोलायची थांबली, आणि हळूहळू जेवायचीही. दूध गॅसवर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत उभी राहायची. एकदा संध्याकाळी मी कामावरून आलो तर घरात गॅसचा वास कोंदलेला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि ही तिथेच ओट्याला टेकून उभी. मी खिडक्या उघडल्या, शिव्या घातल्या, मग घाबरून तिचे हात धरले. तिनं माझ्याकडे पाहिलं ते एखाद्या मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं. त्या दिवशी मला कळलं, की आता काही केलं नाही तर ही बाई माझ्या हातून जाणार.

विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर भले होते. ते म्हणाले, गोळ्या देतो, पण गोळ्यांनी माणूस बोलत नसतो. मनाच्या आजाराचं शिकलेले सोशल वर्कर असतात, त्यांच्याकडे हिला न्या. आता सोशल वर्कर म्हटल्यावर मला काय ठाऊक? आमच्या चौकात प्रत्येक सणाला फलकावर हात जोडून उभा असणारा एक समाजसेवक होता. मी सरळ त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, वहिनींना साडीचोळी करू म्हणाला आणि फोटोवाल्याला बोलवायला माणूस पाठवला. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

मग सुरू झाली पायपीट. एका ठिकाणी माणूस होता तर कार्ड चालत नव्हतं. दुसरीकडे कार्ड चालत होतं, पण तिथला माणूस बदलून गेलेला आणि नवा आलेला नव्हता. तिसरीकडे एक बाई म्हणाली, तुमच्या कार्डावर हाड मोडलेलं चालेल, मन मोडलेलं नाही. तिला वाटलं ती विनोद करतेय. मी तिला काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. रखवालदारानं मला बाहेर काढलं, आणि शालन माझ्या मागून तशीच, पदर सावरत, मुकाट चालत आली.

शेवटी शब्बीरनंच पत्ता आणला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका धर्मादाय संस्थेचं छोटं रुग्णालय होतं, त्यांचा विम्याशी करार होता आणि तिथे असा एक माणूस बसायचा. आपल्या डॉक्टरची चिठ्ठी न्यायची, दर काही बैठकांनी ती नवी करायची, आणि ज्याचं कार्ड आहे त्यानं सही करायची, एवढंच. मी खिडकीतून कार्ड आत सरकवलं आणि आता परत येतंय म्हणून हात पुढे करूनच ठेवला. आतल्या म्हाताऱ्यानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "चालतं इथं कार्ड. गुरुवारी या."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. देवाकडेही मी इतक्या चकरा मारल्या नव्हत्या.

त्या माणसाचं नाव वळवी. नंदुरबारकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असेल. चौकड्याचा इस्त्रीचा शर्ट, बारीक आवाज, आणि बसायचा असा शांत, की समोरच्याला आपलंच बूड खुर्चीत चुळबुळतंय असं वाटावं. खोली मलमपट्टीच्या खोलीमागे होती. तीन खुर्च्या, एक स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, थोरेभाऊ, तुम्हीही बसा. मी म्हणालो, झालंय तिला, मला काय धाड भरलीय? मी बाहेर बाकावर बसतो. तो म्हणाला, बरं, दार उघडंच आहे असं समजा.

आणि दार लागलं. दाराला दुधी काच होती. तिच्यातून दोन सावल्या दिसायच्या, बस.

पहिल्या दोन गुरुवारी आतून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, पगारातले कापलेले पैसे पाण्यात गेले. तिसऱ्या गुरुवारी शालनचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज तिचाच होता. घराण्यात कुणाचाच तसा किंचित बसका आवाज नाही. मी बाकावरून उठून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेजारी प्लास्टर घालून बसलेल्या माणसाला मी म्हणालो, बायको बोलू राहिली माझी. तो म्हणाला, माझी थांबत नाही.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, काय बोललीस? ती म्हणाली, "काही नाही."

तिथपासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्याला मी बरेच दिवस नाव दिलं नाही. आठवडाभर घरात मुकी असणारी बाई गुरुवारी सकाळपासून जागी व्हायची. केसांना तेल, चांगलं नेसलेलं लुगडं, कपाळावर टिकली. "आज दुपारी निघायचं ना?" हे तिचं आठवड्यातलं मोठ्यात मोठं वाक्य, आणि ते माझ्याशी असलं तरी माझ्यासाठी नव्हतं. खोलीत गेली की तासभर बोलायची. बाहेर आली की पुन्हा "काही नाही." एकदा तर आत हसली. आधी ते हसू कुणाचं हेच मला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा प्लास्टरवाल्यासमोर मान वर करायची लाज वाटली.

शब्बीर मोठा चावट. लोक कार्डावर चष्मा घेतात, तू बायकोला मैतर घेऊन दिलास, असं तो सगळ्या खात्यासमोर म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो आणि त्या दिवशी लेथवरचे दोन जॉब बिघडवले. सुपरवायझर म्हणाला, थोरे, लक्ष कुठाय? मी काय सांगणार, की दुधी काचेत आहे?

खोटं कशाला सांगू, मी त्या वळवीची नक्कल करून पाहिली. चौकड्याचा शर्ट शिवून घेतला. तो आतमध्ये फक्त 'हं' म्हणतो एवढं मला काचेतून कळलं होतं, म्हणून सायकलवरून जाता येता 'हं' म्हणायचा सराव केला. एका रविवारी स्टुलावर तांब्या आणि दोन पेले मांडले, शालनला समोर बसवलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "मग? काय वाटतंय?"

"कशाचं?" ती म्हणाली.

"असंच. एकूण."

तिनं माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, पेला उचलून पाणी प्यायली आणि भाजी निवडायला उठून गेली. मी 'हं' म्हणालो, पण ऐकायला कुणी नव्हतं.

ती सुधारत होती, हे मला दिसत होतं. दोन घास जास्त जायचे. दूध उतू जाईनासं झालं. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, देव पावला. पण मी शहाणा नव्हतो, मी नवरा होतो. ती बरी होत होती आणि ते माझ्यामुळे नव्हतं, हे मला सोसत नव्हतं. उन्हातान्हात दारोदार मी फिरलो, शिव्या मी खाल्ल्या, अर्ध्या दिवसाचा खाडा दर आठवड्याला मी केला, आणि ती मनातलं सगळं नेऊन ओतत होती त्या परक्या पोराच्या ओंजळीत. दळण आमचं आणि पीठ त्याच्या डब्यात. झोप लागेना. दिवसा जागेपणी मी त्याच्याशी भांडायचो, मनातल्या मनात, आणि प्रत्येक वेळी तो फक्त 'हं' म्हणायचा.

चिठ्ठी संपायचा गुरुवार आला. नवी चिठ्ठी मी आणलेली होती, ती खिशात होती. सही बाकी होती. शालन उठून आत निघाली तसा मीही उठलो आणि तिच्या मागून आत शिरलो. वळवीनं तिसरी खुर्ची ओढून घेतली, जणू माझी वाटच पाहत होता. त्याचा मला आणखी राग आला. मी बसलो नाही.

"सर, कार्ड माझं आहे," मी म्हणालो. "सही माझी लागते. आज ती सही मी करणार नाही. माझी बायको तासन्‌तास तुमच्याशी बोलते आणि घरी माझ्याशी एक शब्द नाही. असं काय आहे तुमच्यापाशी, जे मला सांगता येत नाही? ते आधी मला कळलं पाहिजे. नाहीतर हे बंद."

शालनचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बघा, ह्याच्याकडे येणं बंद होणार म्हटल्यावर कशी घाबरली.

वळवी म्हणाला, इथं बोललेलं मी बाहेर सांगत नाही, तुम्हालाही नाही, भाऊ. तुमचं असतं तर त्यांनाही सांगितलं नसतं. मग तो तिच्याकडे वळला. "शालनताई, तुम्हाला सांगायचं असलं तर सांगा. नसलं तर नका सांगू."

ती खाली बघत नखानं खुर्चीच्या हाताचा रंग खरवडत होती.

"मला यांचा हेवा वाटतो," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. हेवा माझा होता. इतके दिवस मी एकट्यानं पोसलेला.

"सर, मी तुम्हाला सांगितलं तेच," ती पुढे म्हणाली, पण आता माझ्याकडे बघत. "नऊ महिने मी वागवली. अन् मला टेबलावर निजवून ठेवलं, पडदा ओढला. माझ्या वाट्याला पडद्याच्या पलीकडून नर्सबायांचा आवाज आला फक्त. यांना ती मिळाली. दवाखान्यापासून गावापर्यंत मांडीवर होती यांच्या. तासभर. मला मिनिटभर नाही. माझं दूध उतरलं, अंगावरचं सगळं ओलं झालं, अन् जिच्यासाठी उतरलं ती यांच्यापाशी." तिचा आवाज चढला नाही. "आक्का म्हणल्या, विषय काढायचा नाही. यांनी नाही काढला. मी रोज वाट पाहायची, आज काही सांगतील. हे यायचे, जेवायचे, झोपायचे. यांच्यापाशी एवढं मोठं होतं अन् हे कुलूप लावून बसले. मग मी इथं येऊन सरांना विचारते, कशी असंल हो? केस असतील का? सर म्हणतात, मला नाही माहीत, ताई. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा. मी म्हणते, त्यांनी तरी पाह्यली का, का गुंडाळून ठेवली तशीच?"

मी तेव्हा खुर्चीवर बसलो.

आक्कानं मला पाहू नको म्हणून बजावलं होतं. मी पाहिलं होतं. गंगेचा पूल ओलांडताना शब्बीरचं लक्ष रस्त्यावर असताना मी कापड बाजूला केलं आणि गावाची वेस येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिलो. शब्बीरलासुद्धा सांगितलं नाही. आक्काच्या धाकानं गप्प राहिलो असं मी स्वतःला समजावत आलो होतो, पण ते अर्धंच खरं होतं. ती मला एवढीच मिळाली होती, एका रस्त्यापुरती. त्यातलं कुणाला काही द्यायची माझी तयारी नव्हती, हिलासुद्धा.

"पाह्यली," मी म्हणालो.

शालनचं नख थांबलं.

"केस होते का?"

"लई होते. काळेभोर. कपाळावर चिकटलेले. मी बोटानं मागं केले."

"नाक?"

"माझं. फेंदारलेलं."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी हललं. ते हसू होतं. ह्या वेळी माझ्यासमोर, काचेशिवाय.

मग मी सांगत सुटलो. डावा कान दुमडलेला होता, शालनचा आहे तसाच. हनुवटीला खळी. पायाचा अंगठा इतर बोटांपासून वेगळा, आक्कासारखा, हट्टी. नखं वाढलेली. ओठ असे मिटलेले, की आत्ता काहीतरी विचारणार आहे. मळ्यात कुठल्या बांधाला ठेवली, डोकं कुठल्या बाजूला केलं, वर कोणता दगड आणला, सगळं. मध्ये मध्ये मला बोलता येईना. तेव्हा शालन थांबायची, आणि मी सावरलो की पुढचं विचारायची. ती एखाद्या उपाशी माणसासारखी विचारत होती, दुमडलेला म्हणजे किती दुमडलेला, खळी उजवीकडे का मधोमध. मी तिचा हात घेऊन माझ्या कोपराच्या वळणात ठेवला, की इथं डोकं होतं, एवढं वजन होतं. ती हात तिथेच ठेवून बसली.

वळवी एक शब्द बोलला नाही. 'हं'सुद्धा नाही. कधीतरी त्यानं दोन्ही पेल्यांत पाणी ओतलं आणि आमच्याकडे सरकवलं, आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी चिठ्ठी काढून सही केली तेव्हा त्याच्याकडे बघायचं टाळलं. शेवटी माणूस चांगला होता, त्याला माझा इलाज नव्हता.

त्या वर्षी आम्ही पुढचे सगळे गुरुवार दोघंही आत बसलो. आक्काला कळलं तेव्हा ती आठवडाभर फणकारली, मग एक दिवस स्वतःच शालनला मळ्यात घेऊन गेली. पुढे आम्हाला दोन मुलं झाली. दोघांना पहिल्यांदा शालननं हातात घेतलं, मी मागे उभा राहिलो आणि माझी पाळी यायची वाट पाहिली.

पण त्या दुपारचं राहिलं. आम्ही रुग्णालयातून बाहेर पडलो आणि बसथांब्यावर उभे होतो. शालन बोलत होती. साध्या गोष्टी, उन्हाच्या, घरात तूप संपल्याच्या. मी ऐकत होतो आणि मला आत कुठेतरी पेढे वाटावेत असं झालं होतं.

मध्येच ती म्हणाली, "तुम्ही तिला काही हाक मारली का? गाडीत?"

"नाही. नाव कुठं ठेवलं होतं?"

"मी ठेवलं होतं," शालन म्हणाली. "चौथ्या महिन्यातच." आणि माझ्या कानाशी येऊन तिनं मला ते नाव सांगितलं.

मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते त्या काळ्याभोर केसांना, त्या मिटलेल्या ओठांना बरोबर बसत होतं. बस आली, आम्ही चढलो, जागा मिळाली. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि न विचारता राहवेना.

"वळवीला माहीत आहे? नाव?"

शालननं खिडकीबाहेर पाहिलं. "पहिलं त्यांनाच सांगितलं," ती म्हणाली. "कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं ना."

बरोबर आहे. तिचं काही चुकलं नाही, त्या माणसाचंही नाही. उलट त्याचे उपकार आमच्या सात पिढ्या फेडू शकणार नाहीत. पण ते नाव मी इथे लिहिणार नाही. मी, शालन आणि ती, एवढ्यांनाच ते माहीत असायला हवं होतं. आधीच एक माणूस जास्त झालाय.